चोर-घंटा

शाळेची प्रयोगशाळा,
शनिवार, तारीख बहुधा चौदा

प्रिय मावशी,

नमस्कार. तब्येत ठणठणीत, जेवण वेळेवर, चप्पल नवी घेतली. झाले तुझे तिन्ही प्रश्न!

मी इथे नक्की करते काय, ते आता सांगते. विज्ञानाचे सर फळ्यावर सर्किट काढतात आणि नववीची पोरं ते माझ्याकडे येऊन हाताने जोडतात. पहिल्या दिवशी सगळ्यांचं सोल्डरिंग मळकट, खडबडीत. कथील गार व्हायच्या आधीच हात हलवायचे, वर फुंकरा! मी ओरडले, "हलू नकोस, बसू दे त्याला!" आणि मलाच हसू फुटलं. आवाज थेट तुझा, रेडिओ दुरुस्त करतानाचा.

इथे खिडकीत एक मांजर येतं, त्याला सोल्डरिंगचा वास आवडतो बहुतेक. असो.

गेल्या आठवड्यात चोर-घंटा केली. वस्तू ठेवली की खालचा खटका दबून राहतो, उचलली की बझर बोंबलतो. आमच्या वर्गात एक आगाऊबाई आहे. तिने विचारलं, "ताई, तुम्ही सगळ्यात जास्त दिवस कुठे राहिलात?"

"बसच्या सीटवर," मी म्हटलं. सगळे हसले. ती नाही हसली.

मांजराचं सांगून झालं, आता टाळायला काही उरलं नाही. आज सकाळी मी निघणार होते. सरांना नाही, पोरांना नाही, कुणाला काही न सांगता. नेहमीसारखी. कपाटाशेजारची माझी बॅग उचलली आणि बझरने अख्खी इमारत दणाणली.

शिपाईकाका झाडू उगारून धावत आले. "चोर कुठाय?"

"मीच."

"काय चोरलंस?"

मी माझीच बॅग पुढे केली गं.

बॅगेखाली पोरांनी लपवलेली घंटा बंद करून उलटी केली. एकूण एक सांधा चकचकीत. त्या वळवळ्या पोरांनी श्वास रोखून हात स्थिर धरले असणार, तेही माझ्या बॅगेसाठी.

मावशी, तू मला दर वेळी जाऊ दिलंस. परत आले की काही न विचारता खुर्ची पुढे सरकवलीस आणि हातात काम दिलंस. ते काम हातात नसतं, तर आज मला अडवायला कुणी घंटा लावली असती का?

सोमवारी पोरांना विजेची छोटी मोटार जोडायला शिकवायची आहे. बॅग मी परत खटक्यावर ठेवली आहे. बॅटरी जरा उतरलेली वाटली, म्हणून नवी घातली.

इथेच बसलेली,
तुझी भिंगरी