मेळाव्यापर्यंत थांब

४ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम सलाम. तुझं पत्र मिळालं. गुडघ्यांचं वाचून वाईट वाटलं. जन्मभर नर्स म्हणून वॉर्डात उभी राहिलीस, ते तरी बिचारे किती वर्षं गप्प बसणार? दाजींना सलाम सांग.

इकडे सगळं छान आहे. ह्यांच्या चर्चची मंडळी आता फर्निचरच्या दुकानावरच्या त्या खोलीत मावत नाही. जुनं सिनेमागृह घेतलंय, तरी लोक दाराबाहेर उभे राहून उपासना ऐकतात. महिनाअखेरीस मोठा मेळावा आहे. परगावचे पाळक येणार, आणि त्यात ह्यांना सगळ्या विभागाचे प्रमुख नेमतील असं सगळे धरून चाललेत. हे तर केव्हाचेच धरून चाललेत! आशीर्वाद देताना हात कुठवर उचलायचा, ते आरशासमोर करून बघतात. मी हसले तर रागावले. पूर्वी स्वतःही हसले असते.

फोन का उचलत नाहीस, असं विचारलंस. माझा फोन हल्ली ऑफिसात असतो. साक्ष ऐकून लोक फोन करतात ना, त्यांच्याशी बोलायला दोन मुली बसवल्यात. म्हणून पत्रच लिही, आणि पत्ता शेजारच्या शिंपीणबाईंच्या दुकानाचा घाल.

हो, साक्ष अजून देते. दर रविवारी. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, ह्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि छातीतली गाठ गेली. तुला पाठ झालं असेल. मला तर इतकं झालंय, की परवा मंचावर बोलता बोलता गॅस बंद केला की नाही याचा विचार करत होते. लोक मात्र रडत होते.

एक विचारायचं होतं. मंडळीतल्या एका बाईसाठी. तिची गाठ हाताला लागेनाशी झाली होती, आता पुन्हा लागते, आणि वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते. घरची अडचण आहे, दवाखान्यात जाता येत नाही. लावायला काही मलम असतं का? घाबरण्यासारखं नसेलच म्हणा. पण लवकर कळव.

तुझी लाडकी,
छोटी

३० मार्च

प्रिय ताई,

तुझं उत्तर एका ओळीचं. "कोणत्या बाजूला आहे, छोटे?" शिंपीणबाईंच्या दुकानात उभ्या उभ्या वाचलं आणि कापडाच्या ताग्यात तोंड खुपसून रडले.

डाव्या.

फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते. ह्यांनी प्रार्थना केली त्या दिवशी गाठ खरंच हाताला लागली नाही. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं गं. आम्ही दोघं गुडघे टेकून कितीतरी वेळ देवाचे आभार मानत होतो. पुढच्या रविवारी ह्यांनी मला सगळ्यांसमोर बोलावलं. त्याच्या पुढच्या रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.

गाठ परत लागली तेव्हा सिनेमागृहाचं ठरून गेलं होतं. मी सांगितलं, तर हे स्वतःची नखं बघत बसले. मग म्हणाले, "सैतान घाबरवतोय तुला. तोंडानं बोललीस की ते खरं होतं. बोलू नकोस."

"एकदा दवाखान्यात दाखवून तरी येऊ," मी म्हटलं.

"आणि कुणी पाहिलं तर? पाळकाची बायको, जी बरी झाली, ती डॉक्टरच्या दारात? मेळाव्यापर्यंत थांब. एकदा नेमणूक झाली की मीच तुला घेऊन जातो, लांबच्या शहरात."

तेव्हापासून माझा फोन ऑफिसात. बाजारात निघाले की एक मुलगी सोबत येते, पिशवी धरायला म्हणून. एकटी जायची ती फक्त शिंपीणबाईंकडे, कारण मेळाव्यासाठी माझा पांढरा झगा शिवायला टाकला होता.

लहानपणी बाबा ती गोष्ट वाचायचे, आठवते? सैतान प्रभूला मंदिराच्या छतावर नेतो आणि म्हणतो, मार उडी, देवदूत झेलतील. मला वाटायचं, एवढ्याशा गोष्टीत काय मोह? आता कळतं. खाली चौकात माणसं असणार ना! प्रभूनं उडी मारली नाही. ह्यांनीही मारली नाही. ह्यांनी मला पुढं केलं.

तरी मी सोसलं असतं. इतके दिवस सोसलंच होतं. पण एकदा माप घेता घेता शिंपीणबाई म्हणाल्या, "तुमच्यामुळे सुटले मी. मलासुद्धा तेच निघालंय. तुमची साक्ष ऐकली आणि तारीख असून ऑपरेशनला गेलेच नाही. आता विश्वासावर आहे."

आणि मी काय केलं असेल? हसले. "देवाची कृपा," म्हणाले. घरी येऊन जेवलेसुद्धा.

त्या रात्री प्रार्थनेला बसले तर शब्द फुटेना. देव बरं करत नाही, असं मी कधीच म्हणणार नाही. पण जे त्यानं केलेलं नाही ते त्याच्या नावावर खपवायचं, आणि त्यापायी दुसरीनं मरायचं?

झगा घालून बघायला बोलावलं, त्या दिवशी मी पडदा ओढला. त्यांचा हात धरला आणि माझ्या काखेशी ठेवला. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. एकेक काढून त्यांनी उशीत खोचल्या.

"मग दर रविवारी…"

"हो."

"पाळकसाहेबांना ठाऊक आहे?"

"हो."

त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. खरंच मारली, ताई. आणि मग मलाच घट्ट धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलंच नाही. मागच्या दारानं आम्ही दोघी बाहेर पडलो, त्या इथवर, या दवाखान्यात.

त्यांचं अजून आटोक्यात आहे. परवा ऑपरेशन झालं, काल चहा नको म्हणून नर्सशी भांडल्या. माझं काखेत उतरलंय, आणखी कुठं गेलंय ते बघतायत. डॉक्टर माझ्याशी फार हळू आवाजात बोलतात. त्याचा अर्थ तुला सांगायला नको.

हे एकदा आले होते. टोपी कपाळावर ओढून, काळा चष्मा लावून. पलंगापाशी उभे राहिले आणि पहिलं वाक्य काय? "मी मंचावर काय सांगू?"

"खरं सांगा," मी म्हटलं. "मग जेवढे उरतील तेवढ्यांचे पाळक व्हा. पूर्वी दुकानावरच्या त्या खोलीतल्यांचे होतात तसे."

ते खाली बसले. चादरीवरून माझ्या पावलांवर हात ठेवला. एवढंसं तोंड झालं होतं. क्षणभर वाटलं, आता माझा माणूस परत येतो. तेवढ्यात बाहेर कुणाचा तरी ओळखीचा आवाज आला, तसे दचकून उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आवाज पुढं गेल्यावर निघून गेले.

मेळावा काल झाला. त्यांनी मंचावरून सांगितलं म्हणे, पत्नी दूरदेशी सेवेला गेली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नेमणूक झाली.

आता ते इथं येऊ शकत नाहीत. मी कशी आहे, हे कुणाला विचारूही शकत नाहीत. बरी झाले तरी मला लपवायचं आणि मेले तरी लपवायचं. मी निदान या पलंगावर माझं दुखणं मोठ्यानं बोलू शकते. त्यांच्यासाठी मी रोज प्रार्थना करते. राग आहे, तो गेलेला नाही, पण करते. त्या उंचीवरून त्यांना खाली उतरवायला आता माणसांत कोणी उरलेलं नाही.

ताई, मला भीती वाटते. निघून ये.

तुझी आजारी बहीण