नेंडाकचा खण

रुमा एनसाली, ४ ऑगस्ट १९७४

चि. बान्यांग यास लेमियाचे आशीर्वाद.

आपाय गेल्याची तार पोचली असेल. आपल्या बापाचं काय झालं ते आज नीट लिहिते.

नव्या शेतासाठी जंगलाची शेवटची तोडणी राहिली होती. वाटेत एम्बुआस ओरडला. शोकाचा पक्षी, म्हणून सगळे माघारी वळले. आपाय हसले. म्हणाले, हा नेंडाक आहे, नकला करतोय. माझा पोरगा कुचिंगच्या संग्रहालयात पक्ष्यांना नावाच्या चिठ्ठ्या बांधतो, त्यानंच सांगितलंय. एकटेच पुढे गेले. दुपारी झाड अंगावर पडलं.

आता सगळे तुझ्या शब्दासाठी थांबलेत. एम्बुआस असेल तर ते शेत सोडायचं, म्हणजे यंदा भात नाही. नेंडाक थंड पक्षी, शुभ. तो असेल तर पेरू. नेंडाकला तशी नक्कल करताना तू खरंच ऐकलंयस का, ते कळव. मला रडू येत नाही. तू वेळेवर जेवत जा.

तुझी अका,
लेमिया

कुचिंग, १५ ऑगस्ट

ती. अकास बान्यांगचा नमस्कार.

या महिन्यात शास्त्राच्या पुस्तकात नेंडाकचं घराणं बदललं. कस्तुरांच्या खणातून काढून त्याला माशीमारांच्या खणात ठेवा, असा साहेबांचा हुकूम आहे. आज बेचाळीस मेलेल्या नेंडाकांच्या पायांना नव्या चिठ्ठ्या बांधल्या. गाठी नीट बसल्या. काही वाटलं नाही.

अका, नेंडाक नकला करतो हे मी पुस्तकात वाचलंय. त्याच्या तोंडून एम्बुआस मी कधी ऐकला नाही. गवाईच्या सणात तुआक पिता पिता आपायसमोर फुशारकी मारली, इतकंच. शेत सोडा. चूक माझी आहे.

रागावलीस तरी पत्र टाकत जा.

बान्यांग

रुमा एनसाली, ३ सप्टेंबर

चि. बान्यांग यास आशीर्वाद.

तुझं पत्र सगळ्यांसमोर वाचलं. शेत सोडलं. तुला कुणी बोल लावला नाही. फक्त शेजारची म्हातारी म्हणाली की पोराचे कान कुचिंगला गहाण पडलेत.

काल आपायची कुऱ्हाड आणायला शेतावर गेले. एम्बुआस ओरडला. मी थांबले, वर पाहिलं. काळं डोकं, तांबूस पोट, लांब शेपटी. नेंडाक होता. त्याचा गळा हलताना मी पाहिला. तीच शीळ त्यानं तीनदा घातली.

घरी येऊन चूल पेटवली. इथे कुणाला सांगितलं नाही. शेत एकदा सोडलं की सोडलं, आता सांगून परत येणार नाही. तुला मात्र कळायला हवं. तू खोटं बोलला नव्हतास. आपायनी पक्षी बरोबर ओळखला होता, आणि तरी झाड पडलं.

जेवत जा. माया आहे तशीच असू दे.

अका