सभा झाली कुठं?

माय, आज आपल्या गावात ग्रामसभा झाली. खरीखुरी! सतरंजीवर माणसं बसली, बायाही बसल्या आणि चहा संपल्यावरही कोणी उठलं नाही. तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी ही बातमी आधी तुलाच सांगावीशी वाटली. दुसऱ्या कोणाला सांगितली तर म्हणतील, "त्यात काय एवढं?" त्यात काय आहे, ते तुला एकटीलाच माहीत.

मी आठवी-नववीत असेन. तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस आणि पंचायतीचा शिपाई काखेत रजिस्टर मारून दारात उभा आहे. आपल्याकडे सभा अशीच व्हायची. रजिस्टर गावभर हिंडायचं, माणसं घरीच बसायची. "काकू, अंगठा द्या, कालच्या सभेचा," तो म्हणतो. तू मान वर न करता विचारतेस, "सभा झाली कुठं? मले तर दिसली नाही." "झाली ना जी, कागदावर." "मंग कागदाचाच अंगठा घे. माह्या हाताले पीठ आहे." पुढच्या सभेच्या तारखेला तू हातपाय धुऊन, धुवट लुगडं नेसून पंचायतीच्या कुलूपबंद दारासमोर जाऊन बसलीस. एकटीच, दिवेलागणीपर्यंत. शाळेतून येताना मी मैत्रिणींसोबत तुला पाहिलं, लाजेनं अर्धी झाले, आणि लाज झाकायला म्हणाले, "पाहा, एका बाईची ग्रामसभा!" सगळ्या खदखदून हसल्या. ते नाव गावभर झालं आणि तू मरेपर्यंत तुला चिकटलं. माझ्या विनोदाला मिळालेली ती पहिली दाद. पुढं त्याच धंद्यावर पोट भरलं. पुढाऱ्यांवर, समाजसेवकांवर, त्यांच्या हारतुऱ्यांवर उभी उमर सदर लिहिलं. लोक म्हणायचे, बाईची जीभ म्हणजे विळा. विळ्यानं कापता येतं, पेरता काही येत नाही, हे कळायला मात्र मांडीत सळई पडावी लागली.

दोन वर्षांपूर्वी यवतमाळात ऑटो उलटला. पाय आखूड झाला, सदर बंद पडलं आणि भाड्याची खोली तिसऱ्या माळ्यावर. म्हणून कुबडी घेऊन तुझ्या घरात आले. समाजकार्य करायला आले असं समजू नकोस, जिना चढवत नव्हता. पण इथं खिडकीतून रोज दिसायचं, नाल्यापलीकडच्या कोलामांच्या वस्तीवरच्या, पोडावरच्या बाया पाण्यासाठी नाला उतरून आपल्या चौकातल्या हातपंपावर येतात आणि पाण्याचे भरले पितळी गुंड डोक्यावर घेऊन परत नाला चढतात. नवा हातपंप मंजूर झाला होता. तो कुठं घ्यायचा हे ग्रामसभेनं ठरवायचं होतं, आणि सभेचं तर तू जाणतेसच. इकडं सरपंचांच्या अंगणापुढची जागा साफसुद्धा झाली होती.

मी पोडावर गेले आणि व्याख्यान दिलं. तुमचा हक्क, तुमचा ठराव, घरी अंगठा देऊ नका. बायांनी रेडिओ ऐकावा तसं ऐकलं आणि आपापल्या कामाला लागल्या. दुसऱ्यांदा जाताना नाल्यातच घसरून पडले. कुबडी एकीकडं, चष्मा दुसरीकडं, मी मधे चिखलात. काय हसल्या माय त्या! त्यांतल्या एका म्हातारीनं मला ओढून वर काढलं.

"बाई, तू तं रिकाम्या हातानं पडली," ती म्हणाली. "आमी गुंड घेऊन रोज चालतो इथून. लागलं का?"

"लागलं."

"मंग बस. आता सांग, काय म्हणत होती थ्या सभेचं."

मग मी व्याख्यान दिलं नाही, तुझी गोष्ट सांगितली. तुला हसणाऱ्या त्या पोरीसकट, म्हणजे माझ्यासकट, सांगितली. आणि गेल्या महिन्यात रजिस्टर पोडावर गेलं तेव्हा, भर दुपारी तीन वाजता, एकेका बाईच्या हाताला पीठ! शिपाई कोरं रजिस्टर घेऊन परत आला. चौकात सरपंचांच्या गटातला एक जण मला म्हणाला, "बाई, तुमच्या मायचीच हवा लागली तुमाले." म्हटलं, "उशिरा लागली, नाहीतर तुम्ही एवढे वाढले नसते."

शेवटी सभा घ्यावीच लागली. आज. ग्रामसेवकानं ठराव वाचला, "पोडावरील पाणीटंचाई लक्षात घेता नवीन हातपंप योग्य ठिकाणी घेण्यात यावा." माना डोलल्या. सरपंच घाईघाईनं म्हणाले, "मंजूर ना?" माझीसुद्धा मान हलली. तेवढ्यात ती म्हातारी उठली. तिला अक्षर येत नाही.

"योग्य म्हंजे कोनाच्या दारात?"

"आजी, योग्य म्हंजे... योग्य," ग्रामसेवक म्हणाला.

"तशी जागा मले दाखव बापा. आजपासून गुंड घेऊन तिथंच जातो."

गडी माणसंही हसली. सरपंचांनी घसा खाकरून पाहिला, उपयोग झाला नाही. तो शब्द खोडला गेला आणि लिहिलं गेलं, "पोडावर, चिंचेच्या झाडाजवळ." हात वर झाले. मी कुबडीसकट हात वर केला आणि पडता पडता वाचले. माय, एवढा आनंद मला छापून आलेल्या कुठल्याच ओळीनं दिला नाही.

सभा उठल्यावर लोकांनी ग्रामसेवकाला पुष्कळ ऐकवलं. "काहून जी, असं गुळमुळीत लिहून गावाले फसवता?" त्या बिचाऱ्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि रजिस्टर मिटलं. मी कुबडीचं रबर तपासत बसले. हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, म्हणून तुला सांगते. ठराव त्यानं, मी लिहिणारी बाई म्हणून, माझ्याकडूनच लिहून घेतला होता. 'योग्य ठिकाणी' हे शब्द माझे, आणि सकाळी वाचून पाहताना मला ते फार सुबक वाटले होते.