उजवीकडे न वळणारी सायकल

३ नोव्हेंबर, सोमवार
आजही उशीर! बाया मशीनवरची कव्हरं काढून बसलेल्या आणि शिवण शिकवणारी मीच गायब. केंद्राच्या रुचिका मॅडम ओरडल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. "शामकलाताई, महिनाअखेरपर्यंत बघते. नाही जमलं तर वर्ग दुसरीला द्यावा लागेल."

वर्ग टोलीवर, कालव्यापलीकडच्या वस्तीत, तिकडे बस नाही. राईस मिलवर जाण्याआधी हर्षाचे बाबा मोटरसायकलवर सोडतात. घरून निघतो वेळेवरच. पण चौकातला पानठेला आला की गाडी आपोआप थांबते. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून होईपर्यंत कोणत्या गावच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, कोणतं नाटक, नटी कुठली, सगळी चौकशी. मी मागच्या सीटवर पर्स धरून.

लेक हर्षा कॉलेजसाठी गोंदियाला गेल्यापासून तिची सायकल घरापुढच्या सपरीत पडून आहे. आता मी तीच घेऊन जाणार. ठरलं.

४ नोव्हेंबर
चालवून पाहिली. हँडल सरळ आणि खाली. धानाच्या रोवणीला वाकतात तसं वाकावं लागतं. कंबर धरली. ह्यांना म्हटलं, उंच हँडल बसवून आणा. तर, "कायले? मी सोडून देऊन राहिलो ना?"

मी अबोला धरला. जेवणं होईपर्यंत पुरला.

६ नोव्हेंबर
हँडल बसलं! नणंदेच्या जुन्या सायकलचं— उंच, मागे वळलेलं, म्हशीच्या शिंगांसारखं. दुर्गाप्रसाद मेकॅनिककडे नेऊ म्हटलं तर ह्यांचा अपमान झाला. सपरीत पसारा मांडून स्वतःच बसले. मुठी निघेनात, तेल सोडलं. मग ब्रेकचे लिव्हर केबलसकट जुन्या हँडलवरून सरकवून नव्यावर चढवले. "पाह्य, केबलले हातबी नाही लावला. दुर्गाप्रसाद असता तं सारं उसकटलं असतं."

शेजारच्या रुख्मिणीकाकू कौतुक करून गेल्या. ओवाळायचं तेवढं राहिलं. मग कुठलासा जास्तीचा नट आणायला म्हणून हे बाहेर गेले, ते चांगल्या मूडमध्ये परत आले.

७ नोव्हेंबर
सायकल उजवीकडे वळत नाही.

म्हणजे वळते, पण वळली की मागचा ब्रेक आपोआप करकचून लागतो. हँडल उंच झालं, केबल तेवढीच राहिली. उजवीकडे वळवलं की ताणते. सरळ आणि डावीकडे झकास. आणि टोलीचा रस्ता कालव्याच्या पुलाशी नेमका उजवीकडे!

तिथे उतरायचं, मागचं चाक उचलायचं, सायकल वळवून ठेवायची, मग बसायचं. पुलावरच्या म्हाताऱ्यांची करमणूक. "काऊन बाई, रुसली का सायकल?"

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. "नवीन आहे. रुळंन." हँडल काय नवी सून आहे?

१० नोव्हेंबर
रुळलं नाही. पण वर्गाला मी वेळेवर.

१२ नोव्हेंबर
पडले. पुलाआधी कुत्रं आडवं आलं, हँडल उजवीकडे गेलं, ब्रेक लागला आणि मी शेताच्या धुऱ्यावर. कोपर सोललं. मॅडमनीच हळद लावली.

घरी कोपर पाहून हे एवढेसे झाले. "राहू दे ते सायकल. उद्यापासून मीच सोडतो. पानठेल्यावर नाही थांबत." खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. पण मंडईचे दिवस! वचन कितीसं टिकणार?

१४ नोव्हेंबर
काल टिकलं. आज नाही. कोहमाऱ्याकडून कोणी नाटकवाला आला होता म्हणे. मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं.

उद्या सुट्टी. ह्यांना न विचारता सायकल दुर्गाप्रसादकडे.

१५ नोव्हेंबर, शनिवार
दुर्गाप्रसाद म्हणाला, "भाबी, ह्याले लांब केबल लागते. हेमेंद्रभाऊले मी तवाच देल्ली ना. हँडल बसवलं त्याच दिवशी घेऊन गेले." भाऊ म्हणजे हेच!

घरी येऊन मोटरसायकलची डिक्की उघडली. रेनकोटच्या खाली दुकानाची पिशवी. आत केबल. पिशवीची गाठही सोडलेली नाही.

ह्यांच्यासमोर ठेवली. ह्यांनी पिशवीची गाठ सोडली. मग म्हणाले, "पोरगी गेली. तूबी सायकलनं जाऊन राहिली. गाडीवर मांगं कोन बसंन?"

खूप राग आला होता. माझं कोपर काय गंमत म्हणून सोललं? वर्ग गेला असता तर? तोंडावर बोलले. हे उठले. पाना घेऊन सपरीत जाऊन बसले आणि केबल बदलून दिली.

१७ नोव्हेंबर, सोमवार
पुलाशी उजवीकडे वळले. ब्रेक लागला नाही. म्हाताऱ्यांची निराशा झाली. वर्गाचं कुलूप मीच उघडलं!

परत आले तर मोटरसायकल सपरीतच. रुख्मिणीकाकू म्हणाल्या, हे आज मिलवर पायी गेले.