नॉब शेवटपर्यंत फिरवू नकोस

१४ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे. सासूबाईंचा गुडघा कुरकुरतोय, पण जीभ ठणठणीत आहे. तुझ्या नव्या खोलीत ऊन येतं का?

मी दिलेला सिंथेसायझर हेडफोन लावून वाजवू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी नको.

हल्ली काम भरपूर आहे. जेवायच्या टेबलावर तसलीच स्वस्तातली, वहीएवढी यंत्रं पसरलेली असतात. लोक म्हणतात, आवाज मिळमिळीत आहे, जरा धार आणा. मी पाठचे स्क्रू काढते, एक रेझिस्टर बदलते, बाजूला भोक पाडून एक जादा नॉब बसवते. तुझ्या यंत्रातही तेच केलं होतं.

मंगळवारी नाटकांना संगीत देणारी एक मुलगी तिचं यंत्र परत घेऊन आली. "काकू, नॉब शेवटपर्यंत नेला की शिट्टी मारतं. कानात सुई घुसल्यासारखं होतं." मी तिच्यासमोरच लावलं, नॉब पूर्ण फिरवला. म्हटलं, "कुठे काय? छान तर वाजतंय." ती कानांवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात आतून सासूबाई ओरडल्या, "अगं, बंद कर ते! डोकं फुटायची वेळ आली!" दाराची बेल ज्यांना कधी ऐकू येत नाही, त्या सासूबाई.

मी हसले. म्हटलं, वायर सैल असेल. ती गेल्यावर ह्यांना शेजारी बसवून बाकीची एकेक लावून पाहिली. दर वेळी ह्यांचा चेहरा वाकडा होत होता, आणि मला काहीच खटकत नव्हतं.

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. ठीक आहे. म्हणजे, ठीक नाही. वरचे सूर गेलेत, दोन्ही कानांचे, आणि परत यायचे नाहीत. कधीपासून, ते त्यांना सांगता येईना.

तुझं यंत्र मी उन्हाळ्यात केलं. तू तासन्‌तास हेडफोन लावून बसतोस. तेव्हा फोनवर म्हणालास, "मस्त आहे, ताई." त्यानंतर त्याबद्दल चकार शब्द नाही. खरं सांग, तुझ्या कानाला काही झालंय का?

तुझं उत्तर येईपर्यंत टेबलापाशी न बसणारी,
ताई

२० नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न.

पत्र घेऊन जिन्यातच बसलो होतो. हो, पहिल्याच दिवशी शिट्टी बसली. डावा कान दोन दिवस गुणगुणत होता, मग थांबला. तुझं पत्र आल्यावर तपासूनही आलो. शाबूत आहे. घाबरू नकोस.

तेव्हाच सांगणार होतो. पण तू फोनवर म्हणालीस, "शेवटपर्यंत फिरवून पाहिलाय रे, काय मऊ वाजतो!" आणि मला कळलं, तुला ती शिट्टी ऐकूच येत नाही. म्हणून नुसतं "मस्त आहे" म्हणालो. तेव्हा बोललो असतो, तर त्या मुलीचे कान वाचले असते.

शनिवारी येतोय. सगळी यंत्रं उघडून ठेव. तू जोडायचं, मी ऐकायचं. शिट्टी आली की मी तुझ्या सासूबाईंच्या वरताण ओरडणार आहे, तयार राहा.

यापुढे तुला ऐकू न येणारं सगळं सांगणारा,
धाकटा