फिटची गोळी आणि वंदना

आबा, परवा लेकीला म्हटलं, "ते दे गं ते, वरण वाढायचं." तिनं चमचा दिला, झारा दिला. मी चिडले, तिच्यावर नाही, माझ्याच टाळक्यावर. पळी! रोज हातात असते मेली, आणि नाव म्हणून आठवेना. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी असं झालं की अजून तुमच्याकडंच तक्रार घेऊन यावंसं वाटतं.

मी आठवीत होते. तुम्ही दौंडला रेल्वेत, पण रविवारची विहारातली वंदना कधी चुकवली नाहीत. तुम्ही एक ओळ म्हणायची, मागून सगळ्या वस्तीनं. सगळी वंदना माझ्याकडून पाठ करून घेतलीत आणि "माझ्यामागं हीच म्हणंल," असं गावभर सांगत सुटलात. त्याच विहारात मला पहिली फिट आली. कुणीतरी हुंगवायला चप्पल आणली, तर तुम्ही ओरडलात, "चप्पल न्हाई, गाडी आणा!" शिरूरच्या डॉक्टरांनी गोळी दिली. फिट थांबल्या, आणि हळूहळू शब्द जायला लागले. बाई प्रश्न विचारतायत, मी तोंड उघडून उभी, आत काहीच नाही. पोरी म्हणायच्या, येडी झाली. एकदा रागानं गोळी थुंकले. तुम्ही दुसरी काढून हातावर ठेवलीत. "शबूद गेला तर दुसरा घावंल, बाय. तू गेलीस तर कुठनं आणू?"

मग तुम्हीच गेलात. जलदान विधीला मामा म्हणाले, "तुझ्या बापाची विच्छा हाय, तूच म्हण." मी हात जोडून सुरुवात केली. मी एक ओळ, मागून सगळा मांडव. पंचशीलात मधेच अडकले. काही केल्या पुढचं येईना. तोंडातून निघून गेलं, "आता पुढं काय?" आणि सगळ्या मांडवानं, सवयीनं, डोळे मिटून, एका सुरात म्हटलं, "आता पुढं काय?" कुणी हसलं नाही हो. हसले असते तर बरं झालं असतं. आईनं तोंडात पदर कोंबला. उरलेली वंदना मामांनी पुरी केली. तुम्ही माझ्याकडं एवढं एकच मागितलं होतंत, आबा. काळीज तुटलं माझं, ते अजून जुळलेलं नाही.

यंदा तर तुमचा आवाजच आठवेनासा झाला. बोललेलं आठवतं, आवाज नाही. टेपवरही कुणी भरून ठेवला नाही. म्हणून कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. वाटलं, डोकं मोकळं झालं की येईल. आवाज कुठला येतोय, फिट आली. अंगणात पडले, कपाळ फुटलं. लेक किती भ्याली! आता गोळी तीच देते, आणि गिळेपर्यंत समोरून हलत नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते घरातच राहील. पण एक सांगून टाकते. लेक विचारते, "आजोबा कसे बोलायचे गं?" मी घसा जाड करून तुमचं बोलणं म्हणून दाखवते. ती हसते, पुन्हा म्हणायला लावते. आबा, तो आवाज मी मनानंच रचलाय. तिला तो तुमचाच वाटतो, आणि मी अजून तिला सांगितलेलं नाही.