माझा सुट्टीचा अर्ज आणि माझा शिष्य

४ मार्च
आजपासून ऑफिसात एआय. खरेदी, प्रवास, सुट्टी, सगळ्या अर्जांना मंजुरी माझ्याऐवजी तोच देणार. त्याला नियमांचं मॅन्युअल वाचायला द्या, असं आयटीवाला म्हणाला. मी साफ नाही म्हणालो. मॅन्युअल मीच लिहिलंय, त्यात काही दम नाही. माझे इतक्या वर्षांचे मेल दिले. शिकू दे माझ्याकडून. मी आता फक्त स्ट्रॅटेजी बघणार.

५ मार्च
स्ट्रॅटेजीचा विचार केला. दुपारी डोळा लागला.

९ मार्च
अकाउंट्सच्या मॅडम तक्रार घेऊन आल्या. प्रिंटरच्या शाईचा अर्ज केला, तर एआयचं उत्तर 'बघतो'. पुन्हा विचारलं तर 'बोलू सावकाश'. नवीन आहे, रुळेल, असं मी समजावलं. त्या कपाळाला हात लावून निघून गेल्या. काहींना टेक्नॉलॉजीचं वावडंच असतं.

१३ मार्च
लेकीचं दुसरं बाळंतपण जवळ आलं. पहिल्या वेळी कामामुळे जाता आलं नाही. यंदा आला नाहीत तर नातवंडाचा फोटोसुद्धा पाठवणार नाही, असं तिने फोनवर बजावलं. मनाला लागलं. सुट्टीचा अर्ज टाकला. शिष्य आपलाच आहे, काळजी नाही.

१४ मार्च
'बघतो.'

१६ मार्च
आठवण केली. 'सध्या कामाचा लोड आहे. बोलू सावकाश.' कसला डोंबलाचा लोड! दिवसभर काडी हलवत नाही. अशाच लोकांमुळे कंपन्या बुडतात.

१८ मार्च
साहेबांकडे गेलो. प्रोसेसमध्ये ढवळाढवळ नको, हे तुमचंच म्हणणं ना, असं म्हणाले. आयटीवाल्याला विचारलं, हा चालढकल शिकला कुणाकडून? त्याला एकदम खोकला आला.

१९ मार्च, सकाळी
उद्याची गाडी. बायकोची बॅग भरून तयार. आता एकच उपाय, राजीनामा टाकतो. खरा नव्हे, नुसता हिसका. आठवडाभर तो 'बघतो'मध्ये लोळत पडेल, तोवर साहेब हातापाया पडत येतील आणि सुट्टी देतील. याला म्हणतात स्ट्रॅटेजी.

१९ मार्च, पाच मिनिटांनी
मंजूर. खाली शेरा: 'राजीनामे आपण नेहमी आल्या दिवशीच मंजूर करत आला आहात. पुढील वाटचालीस शुभेच्छा.'
साहेबांकडे धावलो. म्हणाले, माझ्या हातात काही नाही, प्रोसेस आहे.

१९ मार्च, संध्याकाळी
बायकोने विचारलं, मिळाली का सुट्टी? मिळाली म्हणालो. किती दिवसांची? म्हटलं, हवी तेवढी. ती इतकी खूश झाली की माळ्यावरून मोठी बॅग काढायला लावली.